माफ कर म्हणण्याआधी कर्ज किती ते तरी विचारा

मावशीला माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई तिचं कपाट आवरायला नगरला गेलो होतो. साड्यांच्या खाली तिचं उपासना संगीत, म्हणजे चर्चमधल्या गाण्यांचं पुस्तक, सापडलं, कव्हर कधीच निघालेलं, पाठीला खाकी कागद चिकटवलेला, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काढलेल्या बारक्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी, धोब्याच्या कपड्यांचा हिशेब ठेवतात ना तशा. काही अगदी फिक्या, काही दाबून काढलेल्या, एका ठिकाणी टोकानं कागदच फाटलेला. आईनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं. मला विचारावं लागलं नाही. काका पिऊन आले की त्या घरात काय व्हायचं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

मला एक दुपार अजून आठवते. मी दहा-अकरा वर्षांची असेन, मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले होते, आणि आदल्या रात्री काय झालं ते आम्हा पोरांना पलीकडच्या खोलीत ऐकू आलेलं. दुपारी पाळकसाहेब आणि मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, दोन वडीलधारे आले. काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मावशीनं डोक्यावरून पदर घेतलेला कारण कानाच्या वर सुजलं होतं, आणि चहा तिनंच केला. प्रार्थना झाली, मग शास्त्रपाठ, बायबलमधला मत्तयचा अठरावा अध्याय, पेत्र विचारतो की माझ्या भावाला मी किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, आणि येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा. पुस्तक मिटलं. पाळकसाहेब म्हणाले, ताई, पोटात घाला. दोघांना एकमेकांचा हात धरायला लावला, येत्या रविवारी जोडीनं प्रभुभोजन घ्यायचं ठरलं, अर्ध्या तासात सगळं आटोपलं. किती वेळा मारलं, कधीपासून मारतोय, कशानं मारलं, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही, आणि मावशीचा आवाज मी ऐकला तो फक्त शेवटच्या आमेनला.

हे आज लिहायचं कारण म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनंतर तोच उपदेश मी नव्या कपड्यांत ऐकतेय. आता चर्चमध्ये क्षमा आणि आरोग्य अशी व्याख्यानं होतात, प्रोजेक्टरवर हृदयाचं चित्र असतं, आणि वक्ते सांगतात की क्षमा केली की ब्लड प्रेशर उतरतं, डिप्रेशन कमी होतं, आता तर विज्ञानानंही सिद्ध केलंय. व्हॉट्सअॅपवर तर रोजच. मी समुपदेशनाचा डिप्लोमा केलाय, त्या निमित्तानं हे संशोधन थोडंफार वाचलंय, आणि मला सांगायचंय की त्यात खोटं काही नाही. मानसशास्त्र आणि ख्रिस्ती धर्मविचार यांनी एकत्र बसून जे काही काम गेल्या साठेक वर्षांत केलं त्यातलं क्षमेवरचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पण आपण त्यातलं अर्धंच उचललंय, शेवटची पायरी तेवढी घेतली आणि पहिली तिथेच सोडून आलो, आणि ती सोडल्यामुळे हेच संशोधन मारणाऱ्याच्या कामाला येतं.

सुरुवात कशी झाली ते आधी बघू. १९६५ साली कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या फुलर सेमिनरीनं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजनं, स्वतःच्या आवारातच मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. त्या काळात हे धाडसच होतं, कारण फ्रॉइडनं धर्माला भ्रम म्हटलेलं आणि दुसऱ्या बाजूला कित्येक पाळकांना मानसशास्त्र म्हणजे पापाला आजाराचं नाव देऊन सुटका करणारं शास्त्र वाटायचं. त्याच फुलरमध्ये ल्युइस स्मीड्स नावाचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी १९८४ साली क्षमेवर सर्वसामान्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. मानसशास्त्रात तोवर क्षमा हा विषय जवळपास नव्हताच, राग होता, चिंता होती, अपराधगंड होता, क्षमा मात्र चर्चची गोष्ट म्हणून बाजूला ठेवलेली. मग विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट एनराइट यांनी १९८५ पासून यावर पद्धतशीर काम सुरू केलं, व्हर्जिनियात एव्हरेट वर्दिंग्टन यांनी केलं, दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती आणि दोघेही आकडेवारीत मुरलेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेम्पल्टन फाउंडेशननं या विषयासाठी मोठा निधी उभा केला आणि अभ्यासांची रांग लागली.

वर्दिंग्टन यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बाजूला ठेवली तर हा माणूस प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांना क्षमा शिकवतोय असं वाटेल. १९९६ च्या नववर्षाच्या रात्री टेनेसीमधल्या नॉक्सव्हिल गावात त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या घरात चोर शिरला आणि त्यानं तिला मारून टाकलं. हा माणूस आधीपासून क्षमेवरच काम करत होता. त्यांनी नंतर स्वतःच लिहिलंय की त्या दिवशी त्यांची नजर एका बेसबॉलच्या बॅटकडे गेली आणि मनात आलं, तो आत्ता समोर आला तर या बॅटनं मी त्याचा जीव घेईन. मग पुढच्या रात्री झोप लागेना तेव्हा त्यांच्याच मनात उलटा प्रश्न आला की मग त्याच्या आणि माझ्या काळजात फरक काय राहिला. त्यांनी त्या माणसाला क्षमा केली. मला या गोष्टीत महत्त्वाची वाटते ती बॅट. त्यांनी ती लपवली नाही. राग केवढा होता, काय करावंसं वाटलं, ते आधी स्वतःपुढे पूर्ण मांडलं आणि मग पुढे गेले.

त्यांची पद्धत हेच सांगते. रीच नावानं ती ओळखली जाते, पाच पायऱ्या आहेत: जे झालं ते आठवायचं, मग समोरचा असं का वागला असेल ते त्याच्या जागी उभं राहून बघायचं, क्षमा ही भेट म्हणून द्यायची, दिली हे बोलून किंवा लिहून पक्कं करायचं, आणि पुन्हा मन डगमगलं तरी ते धरून ठेवायचं. पहिली पायरी आठवणं. एनराइट यांच्या पद्धतीतही पहिला टप्पा राग उघडा करायचा आहे, आपण किती दुखावलो, त्याची लाज किती वाटली, आयुष्य त्यानं किती बदललं. क्षमा करायची की नाही हा प्रश्न त्याच्यानंतर येतो. १९९६ साली सुझन फ्रीडमन आणि एनराइट यांनी बारा बायकांबरोबर केलेलं काम प्रसिद्ध झालं. नात्यातल्याच पुरुषानं ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले अशा या बायका. त्यांची चिंता, नैराश्य खूप कमी झालं, आशा वाढली, हे सगळं खरं. पण किती वेळ लागला माहितीये? दर आठवड्याला एकेकीबरोबर तासभर बसून सरासरी चौदा महिने. चौदा महिने कुणीतरी ऐकत होतं. आमच्याकडे अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं चहा.

आता मराठीकडे येते, कारण मला वाटतं घोळ आपल्या भाषेतच सुरू होतो. क्षमेला आपल्याकडे पोटात घालणं म्हणतात, पदरात घेणं म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतात. पोटात घातलेली गोष्ट जाते कुठे? पोटातच राहते. आणि मराठी बायबलमधली प्रभूची प्रार्थना बघा, मत्तयमध्ये ती अशी आहे की जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. ऋण सोडणं! मी लहानपणापासून ही ओळ म्हणतेय आणि कित्येक वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही की ही वहीखात्याची भाषा आहे. कर्ज सोडायचं तर आधी खातं उघडावं लागतं, देणेकरी कोण, घेणेकरी कोण, रक्कम किती, कधीपासूनची. रक्कम माहीत नसताना कुणी कर्ज सोडत नाही, सोडूच शकत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २०१७ ची कर्जमाफी आठवा, दीड लाखापर्यंतची, नवरा-बायको दोघांनी आधार कार्ड घेऊन सेंटरवर रांगा लावल्या, ऑनलाइन फॉर्म भरले, ग्रीन लिस्टमध्ये नाव येतंय का म्हणून लोक हेलपाटे घालत होते. २०१९ ला दोन लाखांची कर्जमुक्ती आली तेव्हाही यादी, रक्कम, अंगठा, प्रमाणीकरण. माझ्या चुलतभावानं दोन्ही वेळा हे सगळं केलंय, खात्यात पाचशे रुपयांचा फरक निघाला तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तीन चकरा. सातबाऱ्यावरचं कर्ज माफ करायला आपण इतकी तपासणी करतो, आणि बाईच्या अंगावरचं कर्ज माफ करायचं तर एक वचन वाचून वही बंद. मावशीनं तिची वही स्वतः ठेवली, देवाच्या गाण्यांच्या पुस्तकात ठेवली, आणि मरेपर्यंत ती कुणी बघायला मागितली नाही.

ज्या अभ्यासाचं नाव न घेता ब्लड प्रेशरवाला मेसेज फिरतो तो बहुतेक २००१ चा आहे. मिशिगनमधलं होप कॉलेज, चर्चशी जोडलेलं कॉलेज आहे, तिथे शार्लट विटव्हलिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांना यंत्र लावून बसवलं. आयुष्यात खरोखर कुणी दुखावलं असेल त्याची आठवण काढा, एकदा मनात खुन्नस धरून, एकदा त्याला समजून घेऊन, क्षमा करून. खुन्नस धरताना हृदयाचे ठोके वाढले, रक्तदाब वाढला, तळहाताचा घाम वाढला, क्षमेची कल्पना केली तेव्हा ते कमी राहिलं. छान अभ्यास आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो विद्यार्थी खुर्चीत बसून आठवतोय, दुखावणारा माणूस खोलीत नाहीये, आणि प्रयोग संपला की त्याला हॉस्टेलवर परत जायचंय. माझ्या मावशीला त्याच घरात परत जायचं होतं, किंबहुना ती तिथून हललीच नव्हती. आठवणीतल्या माणसाला क्षमा करणं आणि रात्री साडेदहाला दार वाजवणाऱ्या माणसाला क्षमा करणं, या दोन्हींत शरीरावर एकच परिणाम होतो असं त्या अभ्यासानं म्हटलेलं नाही. ते आपण जोडलं.

आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाबद्दलचा अभ्यास वेगळा आहे, तो कुठल्याच प्रोजेक्टरवर मी अजून पाहिला नाही. जेम्स मॅकनल्टी यांनी नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांना पहिली चार वर्षं अभ्यासलं आणि २०११ साली जे छापलं ते वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. जे जोडीदार सहसा क्षमा करत नव्हते त्यांच्या बाबतीत समोरच्याचं टाकून बोलणं, हात उगारणं चार वर्षांत कमी होत गेलं. आणि जे पटकन क्षमा करत होते त्यांच्या बाबतीत ते कमी झालं नाही, होतं तसंच चालू राहिलं. याचा अर्थ क्षमा वाईट असा होत नाही, मॅकनल्टीही तसं म्हणत नाहीत. पण केलेल्या चुकीबद्दल काहीतरी परिणाम भोगावा लागला तर माणूस थांबतो, आणि प्रत्येक वेळी आधीच माफी मिळत असेल तर थांबायला कारण उरत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं, त्या म्हणायच्या एकदा खपवून घेतलं की सवय लागते. मग ही अर्धी बाजू क्षमेच्या व्याख्यानात का नसते? विज्ञानाचं नाव घ्यायचं तर ते पूर्ण घ्या ना.

काही जण म्हणतील, विज्ञान राहू दे, आम्ही शास्त्र मानतो. चला, शास्त्र उघडू. तोच अठरावा अध्याय, साताच्या सत्तर वेळाच्या आधीचीच वचनं. तुझ्या भावाने अपराध केला तर जा, त्याला एकट्याला गाठून त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना साक्षीदार म्हणून घेऊन जा. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा होवो. म्हणजे अपराध बोलून दाखवायचा, साक्षीदार आणायचे, चारचौघांत आणायचा, आणि तरी ऐकत नसेल तर अंतर ठेवायचं, हे सगळं येशूनंच सांगितलंय आणि ते क्षमेच्या आधी सांगितलंय. त्या दिवशी पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं ते एकविसाव्या वचनावर. पंधरावं वचन त्याच पानावर होतं.

आणि त्याच्या पुढचा दाखला तर आम्ही उलटाच करून ठेवलाय. एका चाकराला राजा डोंगराएवढं कर्ज सोडतो, आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याचं नरडं आवळतो, थोडक्या पैशांसाठी, आणि त्याला कैदेत टाकतो. राजा कुणावर रागावतो? ज्याचे हात दुसऱ्याच्या गळ्यावर आहेत त्याच्यावर. क्षमा करायला सांगितलंय ती ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला. ज्याचं नरडं आवळलं जातंय त्या सोबत्याला राजा एका शब्दानं म्हणत नाही की बाबा तू पोटात घाल. उलट, बाकीचे चाकर जे बघत होते त्यांना वाईट वाटलं आणि ते जाऊन सगळी हकिकत राजाला सांगतात. बघणाऱ्यांचं काम तेवढंच आहे त्या गोष्टीत, जाऊन सांगणं. मी हा दाखला संडे स्कूलमध्ये वीस वेळा ऐकला असेन, पण त्या बघणाऱ्या चाकरांवर कुणी प्रवचन केल्याचं आठवत नाही.

रागाला तरी आपण पाप का म्हणतो कळत नाही. जोसेफ बटलर, जे पुढे इंग्लंडात बिशप झाले, त्यांची प्रवचनं १७२६ साली छापली गेली, त्यात एक प्रवचन संतापावर आहे आणि लगेच पुढचं क्षमेवर. अन्याय बघून येणारा राग देवानंच माणसात घातलाय, त्याचं काम अन्याय रोखायचं आहे, तो सुडापर्यंत जाऊ द्यायचा नाही एवढंच, असा त्यांचा विचार. तीनशे वर्षं होत आली. एनराइट यांचा राग उघडा करायचा टप्पा आणि बटलर यांचं प्रवचन शेजारी ठेवलं तर मला वाटतं एकच माणूस दोन भाषांत बोलतोय. धर्मशास्त्र आणि मानसशास्त्र एकमेकांना इतके जवळ येतात तिथे आपल्या व्यासपीठांनी मात्र दोघांचंही न ऐकता एक तिसरीच गोष्ट चालवली, की राग आला म्हणजे तुझा विश्वास कमी पडला.

क्षमेवर माझा विश्वास नाही असं कुणी समजू नये. आपल्या देशातलंच उदाहरण आहे. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपले असताना जमावानं गाडी पेटवली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी सांगितलं की मी मारणाऱ्यांना क्षमा केली आहे, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या तिथेच राहून कुष्ठरोग्यांचं काम करत राहिल्या, २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी तेव्हा कॉलेजात होते, त्या बाईचा चेहरा पेपरात बघून आई रडली होती. पण दोन गोष्टी बघा. एक, त्यांना कुणी चहा पीत बसून क्षमा करायला लावली नव्हती, ती त्यांच्याकडून आली. दोन, खटला थांबला नाही. जमावाचा म्होरक्या दारा सिंग याला २००३ साली शिक्षा झाली, फाशीची जन्मठेप झाली, २०११ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, या दोन्हींची गल्लत करू नये, असं त्यांनी स्वतः म्हटलेलं आहे. वर्दिंग्टन यांच्या लिखाणातही हेच, क्षमा माणसाच्या आत होते, समेट दोघांमध्ये होतो, आणि समेटासाठी समोरचा विश्वासाला लायक झालेला असावा लागतो. मग मावशीच्या घरी त्या दुपारी जे झालं ते काय होतं? समेट उरकला गेला, आणि त्याला नाव क्षमेचं दिलं.

दक्षिण आफ्रिकेत तर अख्ख्या देशासमोर हा प्रश्न आला. वर्णभेदाच्या काळातले अत्याचार ऐकून घ्यायला १९९६ साली सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू, अंगात धर्मगुरूचा झगा, सुरुवात प्रार्थनेनं. मोठं काम झालं ते, लोकांना पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुमच्या पोराचं काय झालं. पण चॅरिटी कोंडिले नावाची एक आई होती, तिच्या मुलाला पोलिसांनी मारून जाळलं होतं, तिनं क्षमा करायला नकार दिला. तिचं म्हणणं साधारण असं होतं की मंडेला आणि टूटू यांना क्षमा करणं सोपं आहे, त्यांच्या आयुष्याचं सोनं झालं, माझ्या आयुष्यात पोरगा गेल्यापासून काहीही बदललेलं नाही. या बाईला मी कमी श्रद्धेची म्हणू शकत नाही. तिनं रक्कम सांगितली. आणि २००१ साली डेब्रा कॅमिनर यांच्या गटानं अत्याचार भोगलेल्या १३४ लोकांचा अभ्यास छापला, त्यात असं आढळलं की ज्यांच्या मनात क्षमा कमी होती त्यांच्यात नैराश्य आणि आघाताचे त्रास जास्त होते, पण आयोगापुढे जाऊन साक्ष दिली म्हणून मन बरं झालं किंवा क्षमा वाढली असं काही दिसलं नाही. म्हणजे क्षमा न होणं हे दुखणं आहे हे खरं, आणि चारचौघांत एकदा बोलून घेतलं की ती होते हे खरं नाही. दोन्ही एकाच अभ्यासात.

एक आक्षेप मला स्वतःलाही छळतो. जर आपण म्हणालो की समोरचा पश्चात्ताप करेपर्यंत क्षमा नाही, तर माझ्या मावशीचं मन जन्मभर त्या माणसाच्या मर्जीवर बांधून ठेवल्यासारखं होतं, तो सुधारणार नाही आणि ही सुटणार नाही. इथे मला मानसशास्त्राचं ऋण मान्य करावंच लागतं. समोरच्यानं काही केलं नाही तरी मनातली आग कमी होऊ शकते, ती कमी करायला शिकवता येतं, हे त्यांनी कसून दाखवून दिलंय. २०१४ साली ५४ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हाही तेच दिसलं. त्यानंतर कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन या ठिकाणी ४,५९८ लोकांना वर्दिंग्टन यांची छोटी वही घरी भरायला दिली, तीनेक तासांचं काम, आणि त्यांचंही नैराश्य, चिंता काही प्रमाणात उतरली. समुपदेशक मिळत नाहीत अशा ठिकाणी ही मोठीच गोष्ट आहे, आणि आपल्याकडे मराठीत असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण त्या वह्यांमध्ये मोजतात काय? भरणाऱ्याचा राग, त्याची चिंता, त्याचं नैराश्य. मारणारा थांबला का, घर सुरक्षित आहे का, हेही तितक्याच काळजीनं मोजलं पाहिजे. फक्त मार खाणारीचा राग उतरला का एवढंच बघितलं तर शांतपणे मार खाणारी बाई आकड्यांत बरी झालेली दिसेल.

धर्मशास्त्राच्या बाजूनंही हा आवाज उठला होता. एल. ग्रेगरी जोन्स यांनी १९९५ साली स्मीड्स यांच्यावर टीका केली की तुम्ही क्षमेला माणसाच्या खाजगी मनस्वास्थ्याचं औषध करून टाकलं, ख्रिस्ती परंपरेत तर ती सगळ्या मंडळीनं मिळून जगायची गोष्ट होती, त्यात अपराध कबूल करणं होतं, बदलणं होतं. मला जोन्स पटतात. कारण क्षमा खाजगी केली की सगळा भार एकट्या बाईवर येतो, तिनं प्रार्थना करायची, तिनं मन मोठं करायचं, तिनं वही भरायची, आणि मंडळी बाहेर उभी राहून वाट बघणार की झाली का क्षमा. मंडळीनं काय करायचं ते पंधराव्या ते सतराव्या वचनात लिहिलंय.

आपल्याकडे हे काम करणारं कुणी नव्हतं असंही नाही. मुंबईत जन्मलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर अँथनी डिमेलो यांनी सत्तरच्या दशकात पुण्यात आणि मग लोणावळ्यात साधना संस्था उभी केली, धर्मगुरू आणि सिस्टर्सना समुपदेशन शिकवायला, ध्यान आणि मानसोपचार एकत्र आणून. १९८७ साली ते गेले, १९९८ साली व्हॅटिकननं त्यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल सावधगिरीची सूचना काढली, त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच म्हणायचंय की लोणावळ्याच्या डोंगरात पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणत होतं की लोकांना सल्ला द्यायच्या आधी धर्मगुरूला ऐकायला शिकवा. आपल्या प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांतूनही आता पास्टरल काउन्सेलिंगचा पेपर असतो. त्यात क्षमेच्या धड्याबरोबर मॅकनल्टींचा अभ्यास आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा हे दोन्ही सक्तीचे असावेत, परीक्षेला यावेत, आणि जो पाळक संरक्षण अधिकारी म्हणजे कोण हे सांगू शकत नाही त्याला घरोघर जाऊन समेट घडवायची परवानगी मंडळीनं देऊ नये. हे कडक वाटेल. मावशीच्या कानाला नंतर कायमचं कमी ऐकू यायला लागलं होतं.

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची सभा संपल्यावर एक मुलगी थांबली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कडेवर लेकरू. बोलता बोलता म्हणाली, ताई, मला माहितीये क्षमा केली पाहिजे, मी रोज करते. आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी सवयीनं पर्समधून बायबल काढलं, आणि मग का कोण जाणे, तसंच मांडीवर ठेवलं. मी विचारलं, किती वेळा झालंय असं? ती म्हणाली, मोजलं नाही. मग आम्ही तिघी तिच्याबरोबर बसलो आणि मोजलं. पहिल्यांदा कधी, कुठे, कशानं, कोण होतं तिथे, दवाखान्यात गेलीस का, कागद आहे का. डीआयआर, म्हणजे त्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी भरून घेतात त्या घटनेच्या अहवालाच्या फॉर्ममध्ये हेच रकाने असतात, तारीख, वेळ, जागा, काय झालं, आणि मारहाणीबरोबर शिव्या, पैसे अडवणं, माहेरी जाऊ न देणं हेही त्यात लिहिता येतं, हे तिला माहीतच नव्हतं. दोन पानं भरली. लिहिताना ती एकदाच रडली, ते मारल्याचं सांगताना नाही, तर लेकराच्या बारशाला तिच्या आईला दारातूनच परत पाठवलं ते सांगताना. आज रात्री कुठे झोपणार विचारलं तर म्हणाली बहिणीकडे जाते, मग महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तिच्या फोनमध्ये बहिणीच्या नावाखालीच सेव्ह केला.

क्षमेचं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. बायबल मांडीवर धरून बसलेल्या बाईंनी शेवटी प्रार्थना केली, छोटीच, आणि ती दोन पानं घडी करून स्वतःच्या ब्लाउजमध्ये ठेवली, कारण मुलीच्या घरात ती कुठेही ठेवली तरी सापडली असती.